जुनचेंगची दफनभूमी : डॉ. कोटणीस तेथे 'मैत्रीदूत' म्हणून पुरले गेले नव्हते

परभणी जिल्ह्यातील शाळकरी मुलाला १७ सप्टेंबर ही तारीख समजावून सांगावी लागत नाही. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजारोहण, हुतात्म्यांना अभिवादन, प्रभातफेरी हे सारे त्याने पाहिलेले असते. त्या दिवशीच्या भाषणांत एक शब्द हमखास येतो, तो म्हणजे सरहद्द. १९४७-४८ मध्ये निजामी राजवटीविरुद्ध लढणाऱ्यांनी हैदराबाद संस्थानाच्या हद्दीबाहेर, उमरखेडसारख्या गावी, कॅम्प उभारले. तेथून आत शिरून करोडगिरी नाक्यांवर हल्ले केले आणि पुन्हा हद्दीपलीकडे आसरा घेतला.

त्या सरहद्दीच्या पलीकडे परका मुलूख नव्हता. दोन्ही बाजूंना तीच भाषा बोलणारी, एकमेकांत सोयरीक करणारी गावे होती. फरक इतकाच की एका बाजूला राजवटीचा हात पोहोचत होता आणि दुसऱ्या बाजूला पोहोचत नव्हता. लढणाऱ्यांसाठी सरहद्द म्हणजे श्वास घ्यायला मिळणारी पट्टी होती.

शब्दाचा हा अर्थ हाताशी ठेवला, तर चीनमधील एका दफनभूमीचे नाव नीट उलगडते.

हबै प्रांतातील तांग तालुक्यात जुनचेंग नावाचे गाव आहे. तेथे 'जिन-छा-जी सीमाप्रदेशा'तील हुतात्म्यांची दफनभूमी १९४०च्या सुमारास आकाराला आली. जिन म्हणजे शान्शी, छा म्हणजे छाहार आणि जी म्हणजे हबै. या तीन प्रांतांच्या सीमा जेथे डोंगरदऱ्यांत एकमेकींना भिडतात, तो हा 'सीमाप्रदेश'. भारताच्या सीमेशी त्याचा काडीचाही संबंध नाही. हिमालय तेथून हजारो किलोमीटर दूर आहे. जानेवारी १९३८ मध्ये फूफिंग येथे झालेल्या परिषदेत या प्रदेशाचे स्वतंत्र प्रशासन स्थापन झाले आणि सेनानी न्ये रोंगझेन यांच्या नेतृत्वाखाली जपानी फौजांच्या पिछाडीस गनिमी युद्धाचा तो मोठा तळ बनला. रेल्वेमार्ग आणि शहरे जपान्यांकडे, डोंगर आणि खेडी गनिमांकडे, अशी ती विभागणी होती.

या दफनभूमीत, चिनी सैनिकांच्या सोबतीने, डिसेंबर १९४२ मध्ये सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस पुरले गेले.

कोटणीसांचे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. अडचण परिचयाच्या प्रकाराची आहे. पाठ्यपुस्तकातील एखादा परिच्छेद, व्ही. शांताराम यांचा १९४६चा चित्रपट आणि 'भारत-चीन मैत्रीचे प्रतीक' हे तीन शब्द, एवढ्यावर तो परिचय थांबतो. त्यामुळे दोन्ही देशांचे संबंध सुरळीत असले की कोटणीसांच्या पुतळ्याला हार चढतो आणि संबंध बिघडले की तोच माणूस अडचणीचा वाटू लागतो. जुनचेंगच्या कबरीत जो माणूस उतरवला गेला, तो या दोन्ही वागणुकींना पात्र नव्हता.

चीनकडे निघण्यापूर्वीचे सोलापूर आधी पाहावे लागते. कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१०चा. ते विशीच्या उंबरठ्यावर असताना, मे १९३० मध्ये, सोलापुरात इंग्रजांनी लष्करी कायदा लागू केला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी झाली. हुतात्मा हा शब्द त्या शहरातील तरुणाला ग्रंथातून शिकावा लागला नाही. पुढे मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून वैद्यकी शिकलेला हा तरुण १९३८ मध्ये दूरच्या युद्धावर जायला तयार झाला. या निर्णयाकडे 'साहसी प्रवास' म्हणून पाहणे हा त्या काळावर अन्याय ठरतो.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण केले. नोव्हेंबरमध्ये आठव्या मार्ग सेनेचे सरसेनापती झू द यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्य मागितले. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी निधीसाठी आवाहन केले, जुलैमध्ये देशभर 'चीन दिन' पाळला गेला आणि पाच डॉक्टरांचे पथक निश्चित झाले. अलाहाबादचे डॉ. मदन अटल हे प्रमुख. ते स्पेनच्या यादवी युद्धात फॅसिस्टांविरुद्धच्या बाजूने सेवा करून आले होते. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी, सोलापूरचे कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर हे इतर चौघे.

म्हणजे पाचांपैकी दोघे मराठी मुलखातले. चोळकर पथकात वयाने सर्वांत ज्येष्ठ होते. साठीकडे झुकलेला हा नागपूरकर बॉम्बवर्षावाखालील शहरांत काम करून १९३९ मध्ये परतला. महाराष्ट्रात त्यांची आठवण कोणी काढत नाही, कारण ते जिवंत परत आले. स्मृतीचा हा जुना अन्याय आहे. ती मृत्यूच्या मापानेच माणसे मोजते.

१ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून 'राजपुताना' बोटीने निघाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला आणि नोव्हेंबरमध्ये वसतिगृहांतील विद्यार्थ्यांचे 'वंदे मातरम्' आंदोलन पेटले. आजच्या परभणी जिल्ह्यातील गावे तेव्हा त्याच संस्थानात होती. एका पिढीने आपापली सरहद्द एकाच हिवाळ्यात निवडली, असे या तारखा शेजारी ठेवल्यावर दिसते.

पथक प्रथम चीनच्या राष्ट्रवादी सरकारच्या ताब्यातील शहरांत काम करत राहिले आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये यानआन येथे कम्युनिस्टांच्या मुख्य तळावर पोहोचले. यापूर्वीच कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता मिळाली होती. मागे मोठे कुटुंब होते, पैशांची ओढ होती. ते परतले नाहीत. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्ये परतले, अटल १९४० मध्ये, बसू १९४३ मध्ये. राहिले एकटे कोटणीस.

जिन-छा-जी प्रदेशात ते १९४०च्या उन्हाळ्यात आले. तेथे त्यांच्या आधी एक परदेशी शल्यविशारद काम करून गेला होता. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी तांग तालुक्यातच त्यांचा मृत्यू झाला. जुनचेंग येथे त्यांची समाधी बांधली गेली आणि जून १९४० मध्ये तिचे उद्घाटन झाले. कोटणीस त्या भागात पोहोचले ते याच दिवसांत. दफनभूमीतील पुढची मोठी समाधी आपली असेल, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

या प्रदेशातील वैद्यकी म्हणजे काय होते, हे शहरी रुग्णालयाच्या कल्पनेने समजत नाही. रुग्णालय म्हणजे शेतकऱ्यांची घरे. औषधे आणि उपकरणे वेढ्यातून चोरून येणारी किंवा तेथेच सुताराकडून, लोहाराकडून घडवून घेतलेली. जपानी तुकड्यांची चाहूल लागली की जखमींना डोंगरात हलवायचे आणि शस्त्रक्रियेचे सामान खेचरांवर लादून पुढच्या गावी मांडायचे. ऑगस्ट १९४० पासून चिनी सेनेने 'शंभर रेजिमेंटांची मोहीम' हाती घेतली, तेव्हा जखमींची रीघ लागली. त्या काळात कोटणीसांनी ८००हून अधिक जखमींवर उपचार केले. एकदा तर सलग ७२ तास झोपेविना शस्त्रक्रिया केल्या.

मोहिमेला जपानी सेनेने दिलेले उत्तर इतिहासात 'तीन सर्व' या नावाने कुप्रसिद्ध आहे: सर्वांना ठार करा, सर्व जाळा, सर्व लुटा. १९४१ आणि १९४२ ही दोन वर्षे या डोंगराळ पट्टीने त्या धोरणाखाली काढली. जुनचेंगची दफनभूमी या वर्षांत भरत गेली. तेथे विसावलेले बहुतेक सैनिक आसपासच्या प्रांतांतील शेतकऱ्यांची मुले होती. राज्यशास्त्रातील कोणत्या वादासाठी ते लढत होते याचे उत्तर त्यांतील अनेकांना देता आले नसते; गाव कोणी जाळले, हे मात्र सर्वांना सांगता आले असते.

जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस 'बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालया'चे संचालक झाले. ते चिनी भाषेत शिकवत होते आणि त्याच भाषेत शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहीत होते. नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांनी तेथील परिचर्या शिक्षिका क्वो चिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. चिनी लोक त्यांना 'क दीहुआ' म्हणत. सोलापूरचे आडनाव त्या 'क'मध्ये उरले होते.

एक गोष्ट मराठीतील गौरवलेखांत बहुधा गाळली जाते. जुलै १९४२ मध्ये कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. ती गाळण्याचे कारण उघड आहे. गांधी-नेहरूंच्या काँग्रेसने पाठवलेला तटस्थ मानवतावादी डॉक्टर भाषणात सोयीचा पडतो. पण चार वर्षे ज्या माणसांबरोबर जगले, त्यांच्या राजकारणाविषयी त्यांचे निश्चित मत बनले होते आणि त्यांनी ते सही करून नोंदवले होते. ते मत पटो वा न पटो, ते त्यांच्यापासून काढून घेण्याचा अधिकार गौरव करणाऱ्यांना नाही.

९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा मृत्यू झाला. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता.

शांताराम यांच्या 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' या चित्रपटात नायक साथीच्या रोगाशी झुंजताना प्राण सोडतो. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर आधारलेला आणि स्वतः शांताराम यांनी नायक साकारलेला हा चित्रपट आजही पाहण्याजोगा आहे. पण त्या बदलामागील समजूत खटकते. अपस्मार हा आजार वीराला शोभत नाही, अशी ती समजूत. वास्तवातील माणूस आजार अंगावर घेऊन रात्ररात्र शस्त्रक्रिया करत होता, हे पडद्यावरच्या मरणापेक्षा कितीतरी कठीण आहे.

त्यांना जुनचेंग येथे, बेथून यांच्या समाधीजवळ मूठमाती देण्यात आली. सैन्याने आपला मदतीचा हात गमावला आणि राष्ट्राने मित्र गमावला, अशा आशयाचा शोकसंदेश माओ त्से तुंग यांनी लिहिला. त्यात सैन्य आधी येते आणि राष्ट्र नंतर, हा क्रम अर्थपूर्ण आहे. कोटणीस त्या सैन्याचे होते. त्यांच्या शवाला खांदा देणाऱ्यांना भारत-चीन राजनैतिक संबंधांची कल्पनाही नव्हती. भारत पारतंत्र्यात होता आणि त्या चीनची अजून घोषणा व्हायची होती. सैनिकांच्या दफनभूमीत, सैनिकांनी, आपल्या डॉक्टरला पुरले. 'मैत्रीदूत' ही पदवी नंतर चिकटवली गेली.

यानंतरचा भाग अधिक अवघड आहे आणि तो टाळून हा विषय पुरा होत नाही.

ज्यांनी पथक पाठवले, त्या सुभाषबाबूंनी १९३७ मध्ये लेख लिहून जपानच्या चीनवरील आक्रमणाचा निषेध केला होता. १९४३ मध्ये त्यांनीच जपानच्या साहाय्याने आझाद हिंद सेनेची सूत्रे घेतली. कोटणीसांच्या मृत्यूनंतर सात महिन्यांनी ते सिंगापुरात होते. काही तरुण अभ्यासक या विसंगतीवरून एकाला खोटे पाडून दुसऱ्याला मोठे करतात. तो सोपा मार्ग आहे. सुभाषबाबूंच्या दृष्टीने शत्रू लंडनमध्ये होता. तांग तालुक्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने तो वेशीवर उभा होता. कोटणीस वेशीवर होते. दोन्ही माणसे एकाच देशाच्या स्वातंत्र्याची इच्छा धरून निघाली आणि युद्धाच्या दोन बाजूंना पोहोचली. ही विसंगती मिटवता येत नाही, आणि मिटवायचा आग्रहही धरू नये.

दुसरी विसंगती १९६२ची. ज्या माओंनी कोटणीसांसाठी शोकसंदेश लिहिला, त्यांच्याच सत्तेखाली वीस वर्षांनंतर, २० ऑक्टोबर १९६२ रोजी, चिनी सैन्याने भारतावर चढाई केली. मैत्रीच्या प्रतीकाने ते युद्ध रोखले नाही. प्रतीकांकडून तसे होतही नसते. त्या युद्धात पडलेल्या चिनी सैनिकांची दफनभूमी शिनजियांगमधील कांगशीवा येथे आहे. 'चिनी सैनिकांची सीमेवरील दफनभूमी' म्हटल्यावर आजच्या वाचकाच्या मनात तीच उभी राहते, आणि जून २०२० मधील गलवान. ते स्वाभाविक आहे. भारताने आपल्या २० जवानांचे बलिदान दुसऱ्याच दिवशी जाहीर केले. चीनने आपले ४ सैनिक गेल्याचे मान्य करायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. त्यांपैकी एकाच्या कबरशिलेचे छायाचित्र त्याआधीच समाजमाध्यमांवर फिरून गेले होते.

येथेच मुद्दा आहे. मेलेल्या सैनिकाचे नाव केव्हा उच्चारायचे, हे शासन ठरवते. जुनचेंगला आणि कांगशीवाला एकच शब्द लावून दोन्ही झटकून टाकणारा वाचक नकळत त्याच शासनबुद्धीने वागतो. गलवानविषयीचा संताप खरा आहे आणि तो आपल्या जागी राहावा. त्यासाठी १९४२च्या कबरीवर थुंकण्याची आवश्यकता नाही, आणि त्या कबरीवर फूल वाहण्यासाठी १९६२ विसरण्याचीही नाही.

या निवडक स्मृतीचा उलटा नमुना भारतातच आहे. १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून माघार घेतलेल्या चिनी सैन्याचा काही भाग भारतात आला. तेव्हाच्या बिहारमधील, आजच्या झारखंडमधील रामगढ येथे अमेरिकन जनरल स्टिलवेल यांच्या देखरेखीखाली त्या सैन्याला प्रशिक्षण देण्यात आले. दोनच वर्षांपूर्वी, मार्च १९४० मध्ये, त्याच रामगढला काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. तेथे प्रशिक्षणकाळात मृत्यू पावलेल्या चिनी सैनिकांची दफनभूमी आहे. कबरी सहाशेहून अधिक. अरुणाचल प्रदेशात, स्टिलवेल मार्गावरील जयरामपूर येथे, दुसरी आहे. तिच्यावर जंगल चढले होते. १९९७ मध्ये ती पुन्हा प्रकाशात आली.

हे सैनिक च्यांग कै-शेक यांच्या राष्ट्रवादी सैन्याचे होते. ते जपानविरुद्धच लढत होते, त्याच वर्षांत, जुनचेंगच्या सैनिकांसारखेच. परंतु १९४९ मध्ये त्यांचा पक्ष हरला. विजेत्यांच्या चीनने त्यांना दीर्घकाळ आपले मानले नाही आणि भारताला ते आपले वाटण्याचे कारण नव्हते. जुनचेंगला स्मारक मिळाले, जयरामपूरला वेली मिळाल्या. दोन्हीकडच्या मातांना कोणता फरक सांगायचा?

मराठी मनाला ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. मराठवाड्यातील कित्येक गावांच्या वेशीवर वीरगळ उभे आहेत. बहुतेकांवर नाव नाही. तो वीर कोणत्या राजासाठी लढला, यादवांसाठी की त्यांच्या शत्रूसाठी, हे गावाला ठाऊक नसते. तरी शेंदूर लागतो. भाद्रपदात सर्वपित्री अमावास्येला, ज्यांची तिथी माहीत नाही त्यांनाही घास ठेवला जातो. शेंदूर लावणारा हात पक्ष विचारत नाही.

वीरगळाचा इतिहास शोधू नये, असा मात्र याचा अर्थ नव्हे. इतिहासप्रेमी तरुणाने तो शोधलाच पाहिजे: कोणते युद्ध, कोणती बाजू, कोणाचे गाव जळले. कोटणीसांच्या बाबतीत नेमके हेच होत नाही. शेंदूर भरपूर, शोध थोडा. त्यांची रोजची शस्त्रक्रियांची कामे, त्यांचे पाठ्यपुस्तक, त्यांनी घडवलेले विद्यार्थी, त्यांचे राजकीय मत यांविषयी मराठीत जितके लिहिले जायला हवे, त्याच्या कित्येक पट चिनीत लिहिले गेले आहे. भारतभेटीवर येणारे चिनी नेते कोटणीस कुटुंबीयांना आवर्जून भेटत आले. त्या भेटींची छायाचित्रे मराठी वृत्तपत्रांत छापून येत, आणि पुढच्या भेटीपर्यंत विषय मिटे.

१९५०च्या दशकाच्या प्रारंभी बेथून आणि कोटणीस यांचे अवशेष जुनचेंगहून शिजियाझुआंग शहरातील उत्तर चीन सैनिकी हुतात्मा दफनभूमीत हलवले गेले. तेथे पश्चिमेस बेथून आहेत, पूर्वेस कोटणीस. एप्रिलच्या आरंभी चिंगमिंग या पितरांच्या सणाला तेथे फुले वाहिली जातात. एका छोट्या संग्रहालयात, बोटीवर असताना कोटणीसांनी चिनी शब्द उतरवून घेतलेली वही ठेवलेली आहे. सोलापुरात त्यांच्या वडिलोपार्जित घरात महानगरपालिकेने स्मारक केले आहे. परभणीहून रेल्वेने वा एसटीने एका दिवसात तेथे जाता येते.

यिनहुआ वडिलांप्रमाणे वैद्यकी शिकत होता. १९६७ मध्ये, पदवी हाती येण्याच्या सुमारास, वयाच्या २४ व्या वर्षी तो वारला. क्वो चिंगलान पुढे अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांत राहिल्या आणि २०१२ मध्ये चीनमध्ये निवर्तल्या. जुनचेंगची ती कबर केवळ वर्षभराच्या संसारानंतर त्यांच्या वाट्याला आली होती.